वाघीण कोणाची?

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. इंग्रजी ‘वॅगन’ आपल्या लोकांच्या जिभेवर रुळता रुळता त्याची वाघीण झाली. परिभाषा समित्यांनी घडवलेले कितीतरी शब्द कोशातच राहिले. हा शब्द कोणत्याही समितीने केला नाही आणि तो टिकला. प्रशासनाविषयी लिहिताना आज मी या वाघिणीकडे वळतो आहे, त्याला कारण आहे. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कागद जातो, तेव्हा त्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा आपल्या कारभारातला जुना आणि अजूनही पुरता न सुटलेला प्रश्न आहे. वाफेच्या इंजिनांच्या काळात रेल्वेपुढे तो अगदी रोकड्या स्वरूपात उभा होता, आणि तिने तो बऱ्याच अंशी सोडवलाही होता.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली, तेव्हा आजच्यासारखी एकसंध ‘भारतीय रेल्वे’ नव्हती. ग्रेट इंडियन पेनिन्शुला, ईस्ट इंडियन, मद्रास रेल्वे, बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया अशा स्वतंत्र कंपन्या त्या सुमारास उभ्या राहिल्या. प्रत्येकीचे भांडवल वेगळे, हिशेब वेगळा आणि डबेही वेगळे. पुढे संस्थानिकांच्या रेल्वे आल्या. स्वातंत्र्याच्या वेळी लहानमोठ्या चाळीसेक रेल्वे या देशात होत्या. १८७० मध्ये जी. आय. पी. आणि ईस्ट इंडियन यांचे रूळ जबलपूरला मिळाले आणि मुंबई ते कलकत्ता हा सलग मार्ग झाला. १८७१ मध्ये रायचूरला मद्रास रेल्वेशी गाठ पडली. रूळ जुळले, पण कंपन्या वेगळ्याच राहिल्या.

समजा, त्या काळी झरियाच्या खाणीतला कोळसा मुंबईकडे निघाला. वाघीण ईस्ट इंडियनची. जबलपूरला पोहोचल्यावर प्रवासी उतरून दुसऱ्या गाडीत बसू शकतो. कोळसा उतरत नाही. तो फावड्याने उपसून दुसऱ्या वाघिणीत भरायचा, तर मजुरी आणि वेळ दोन्ही वाया. त्यापेक्षा वाघीणच पुढे जाऊ द्यावी हे शहाणपणाचे. पण ती पुढे गेली की प्रश्न उभे राहतात. परक्या हद्दीत तिचा आस जळाला, तर दुरुस्ती कोणी करायची? मुंबईला रिकामी झाल्यावर ती मुकाट्याने परत पाठवायची, की आपल्याकडचा माल भरून भलतीकडेच न्यायची? मालकाला तिचे भाडे किती आणि कशाच्या हिशेबाने द्यायचे? आणि मुळात ती आज कोठे आहे, हे कोणाला ठाऊक असायचे?

वाफेच्या काळात इंजिन आणि वाघीण यांच्या नशिबात मोठा फरक होता. इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागे, कोळसा लागे, भट्टीतली राख झाडावी लागे. त्यामुळे ते आपल्या शेडला बांधलेले असे. आपला टापू पार करून ते गाडी दुसऱ्या इंजिनाच्या हवाली करी आणि परतीची गाडी घेऊन घरी येई. चालक आणि गार्डही तसेच. वाघिणीला मात्र शेड नव्हती. आमच्या नोकरीच्या भाषेत सांगायचे, तर इंजिन हा स्थानिक आस्थापनेवरचा कर्मचारी आणि वाघीण ही कायम बदलीवर असलेली. तिच्या अंगावर मालक कंपनीची आद्याक्षरे आणि क्रमांक रंगवलेला असे. तेवढीच तिची ओळख.

ती ओळख टिपून घेणारा माणूस या सगळ्या व्यवस्थेचा पाया होता. त्याला नंबर-टेकर म्हणत. पुढे ट्रेन्स क्लार्क हे नाव आले. मनमाडला अशा एका निवृत्त गृहस्थांशी माझे सविस्तर बोलणे झाले होते. गाडी यार्डात उभी राहिली की एका हातात कंदील, बगलेत वही, अशा थाटात ते गाडीच्या कडेने चालू लागत. प्रत्येक वाघिणीचा क्रमांक, मालक रेल्वे, कोठून निघाली, कोठे जायची, आत काय, भरलेली की रिकामी, सील शाबूत आहे की नाही, एवढे टिपायचे. पावसात वही छातीशी धरायची, कारण अंगावरचे कपडे वाळतात, शाई पसरली तर वाघीण हरवते. ‘हरवते म्हणजे काय हो, एवढी मोठी वाघीण?’ असे मी विचारले. ते म्हणाले, ‘साहेब, वाघीण यार्डातच उभी असते, पण वहीत नसेल तर ती नसतेच.’ प्रशासनातील नोंदीचे महत्त्व मला इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही.

मोठ्या यार्डांत, उदाहरणार्थ मुगलसराईत, गाडी एका उंचवट्यावर ढकलली जाई. तेथून वाघिणी एकेक सुटत आणि उतारावरून आपापल्या रुळावर जात. दिल्लीकडची एका रांगेत, हावड्याकडची दुसऱ्या रांगेत. रांग भरली की नवी गाडी तयार. एक वाघीण आपल्या मुक्कामाला पोहोचेपर्यंत अशा अनेक यार्डांतून फुटे आणि जोडली जाई. धावण्यापेक्षा तिचा वेळ थांबण्यातच अधिक जाई.

आता दोन रेल्वेंच्या सीमेवर काय होई ते पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी या कंपन्यांनी मिळून इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशन ही संस्था उभी केली. तिचे नियम सर्व सभासद रेल्वेंवर बंधनकारक असत. वाघिणींच्या अदलाबदलीसाठी नियमांचा एक स्वतंत्र भागच होता. कोणता दोष असला की वाघीण नाकारता येईल, कोणता असूनही पुढे न्यावी लागेल, कोणता भाग हरवला तर कोणाच्या नावे किती आकारायचे, हे सारे त्यात ठरलेले असे. आणि सीमेवरच्या स्थानकात तटस्थ परीक्षक असे. तो देणाऱ्याचा नोकर नाही आणि घेणाऱ्याचाही नाही. हातोडीने चाकावर ठोका मारायचा. आवाज खणखणीत आला तर चाक ठीक, बद आला तर तडा. आसाच्या पेटीला हात लावून ती तापली आहे का पाहायचे. नादुरुस्त वाघिणीला ‘सिक’ ठरवून वेगळ्या रुळावर काढायचे. त्याच्या निर्णयानंतर वाद संपे, कारण त्या निर्णयात कोणाचाही लाभ गुंतलेला नव्हता.

भाड्याचा प्रश्न अधिक नाजूक होता. त्यातली मेख समजायला अमेरिकेचे उदाहरण उपयोगी पडते, कारण तेथे खासगी रेल्वे कंपन्या कितीतरी अधिक होत्या आणि चूक ठळकपणे दिसली. तेथे एकोणिसाव्या शतकात परक्या वाघिणीचे भाडे मैलांवर दिले जाई. वाघीण जितकी धावेल तितके पैसे. वरवर हे न्याय्य वाटते. पण त्याचा अर्थ असा, की वाघीण उभी ठेवली तर काहीच द्यावे लागत नाही! साहजिकच परक्या वाघिणी फुकटची गोदामे झाल्या. १९०२ मध्ये पद्धत बदलली आणि दिवसाला २० सेंट असे भाडे ठरले. मध्यरात्री वाघीण ज्याच्या हद्दीत असेल, त्याने त्या दिवसाचे भाडे द्यायचे. थांबण्याला किंमत आली. पण किंमत पुरेशी नसेल, तर तीही निष्प्रभ ठरते. पहिल्या महायुद्धात युरोपला जाणारा माल पूर्वेकडील बंदरांत तुंबला, तिकडे भरलेल्या वाघिणी अडकल्या आणि पश्चिमेकडे धान्यासाठी वाघिणी मिळेनात. अखेर डिसेंबर १९१७ मध्ये अध्यक्ष विल्सन यांच्या सरकारने रेल्वे आपल्या नियंत्रणाखाली घेतल्या. रूळ होते, इंजिने होती, वाघिणीही होत्या. पण प्रत्येक कंपनी आपापल्या खात्यापुरता शहाणपणा करीत होती.

आपल्याकडेही दिवसावर भाडे आणि मुदतीबाहेर ठेवल्यास जादा आकार, अशी पद्धत होती. त्यापुढचे पाऊल म्हणजे ‘पूल’. ब्रॉडगेजवरील सर्वसाधारण वापराच्या वाघिणी एकत्र समजायच्या. तुमचीच वाघीण तुम्हाला परत मिळावी असा आग्रह नाही. जितक्या घेतल्या तितक्या द्या, मग त्या कोणाच्याही असोत. टाकीच्या आणि खास कामाच्या वाघिणी तेवढ्या वगळलेल्या. यामुळे केवळ घरी परतण्यासाठी रिकाम्या वाघिणीने शेकडो मैल धावण्याचे कारण उरले नाही. मालकी सोडली नव्हती, मालकीचा हट्ट सोडला होता. प्रशासनात हा फरक फार मोलाचा आहे.

रूळ सारख्या रुंदीचे नसतील तेथे मात्र हे सारे शहाणपण थिजून जाई. लॉर्ड मेयो यांच्या काळात, १८७० च्या सुमारास, काटकसरीसाठी मीटरगेज स्वीकारले गेले. ती काटकसर पुढे शंभर वर्षे हमालांच्या पाठीवरून वसूल झाली. निजामाच्या राज्यातून आलेली मीटरगेज मनमाडला येऊन थांबे. मराठवाड्याचा माल तेथे उतरे, ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढे आणि मग मुंबईला जाई. बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी १८९७ पासून कुर्डुवाडीला हेच करीत होती. मराठवाड्यात ब्रॉडगेजसाठी आंदोलने झाली, ती का, हे मनमाडच्या मालधक्क्यावर एक दिवस घालवलेल्याला विचारावे लागले नसते. मनमाडकडून रुंदीकरण सुरू व्हायला १९९० चे दशक उजाडावे लागले.

बिहारात गंगेकाठी मोकामा घाटावर हेच काम जिम कॉर्बेट यांनी सुमारे वीस वर्षे कंत्राटाने केले. वाघांचे शिकारी म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण ‘माय इंडिया’ या पुस्तकात या वाघिणींचीही हकिकत आहे. सुरुवातीच्या महिन्यांत रेल्वेकडून पैसे आले नाहीत, मजूर अर्धपोटी राहिले, तरी काम थांबू दिले नाही, असे ते लिहितात. दोन रेल्वेंच्या मधली जागा कोणाचीच नसते; तेथे राबणारा माणूस दोन्ही हिशेबांच्या बाहेर पडतो.

येथे मूळ मुद्द्याशी येतो. वाघिणीची काळजी घेणारा तटस्थ परीक्षक होता, कंपनीची काळजी घेणारा भाड्याचा हिशेब होता. वाघिणीच्या आत ज्याचे पोते होते त्याचे काय? अकोल्याच्या व्यापाऱ्याच्या हातात फक्त बिल्टी. त्याचा माल तीन कंपन्यांच्या हद्दींतून गेला आणि मुक्कामाला दहा पोती कमी भरली. कमतरता कोठे आली हे त्याने कसे सिद्ध करावे? प्रत्येक कंपनी म्हणणार, आमच्याकडे सील शाबूत होते.

१८९० च्या रेल्वे कायद्याने याचे उत्तर कलम ८० मध्ये दिले होते. एकाहून अधिक रेल्वेंवरून थेट पाठवलेल्या मालाची हानी झाली, तर ज्या रेल्वेकडे माल सोपवला तिच्यावर, किंवा जिच्या हद्दीत हानी झाली तिच्यावर, दावा लावता येई. म्हणजे ज्या खिडकीवर बिल्टी मिळाली त्या खिडकीला ‘तो आमचा विषय नाही’ असे म्हणण्याची सोय कायद्याने ठेवली नाही. आतापर्यंतचा सर्व तपशील बाजूला ठेवा, पण हे एक कलम लक्षात ठेवा, असे मी प्रशासनातील तरुणांना सांगेन. कायदा काही फार उदार नव्हता. सहा महिन्यांत लेखी मागणी केली नाही तर हक्क जाई, आणि कमी दराच्या बदल्यात ‘रिस्क नोट’वर सही घेऊन कंपन्या बरीचशी जबाबदारी झटकत. रेल्वेची जबाबदारी सर्वसाधारण वाहतूकदाराइतकी कडक व्हायला १९६२ साल उजाडले. पण दाद कोठे मागायची, एवढे तरी सामान्य माणसाला माहीत होते.

पुढे कंपन्या गेल्या. १९५१ आणि १९५२ मध्ये क्षेत्रीय रेल्वे आल्या. मालक एक झाला, म्हणजे अदलाबदलीचा प्रश्न मिटायला हवा होता. तो मिटला नाही, कारण हद्दी राहिल्या आणि हद्दीवरची रोजची मोजणीही राहिली. किती गाड्या दिल्या, किती घेतल्या, यावर कामगिरी जोखली जाऊ लागली. रात्री बाराच्या आत गाडी पलीकडे गेली की आपल्या आकड्यात जमा. पलीकडच्या यार्डात जागा आहे की नाही, हा पलीकडच्याचा प्रश्न. ब्रॉडगेजच्या वाघिणीला एकदा भरल्यापासून पुन्हा भरेपर्यंत १९५०-५१ मध्ये सरासरी ११ दिवस लागत. १९८०-८१ मध्ये ते १५ दिवसांवर गेले. डिझेल आले, वीज आली, आणि वाघीण मात्र हळू झाली! १९८० नंतर यार्डे टाळून संपूर्ण गाडी एकाच ठिकाणी भरून एकाच ठिकाणी रिकामी करण्याचे धोरण आले आणि २००० च्या सुमारास हा काळ साडेसात दिवसांवर आला. कोळसा, सिमेंट, धान्य यांना त्याचा लाभ झाला. एकच वाघीण भरू शकणारा छोटा व्यापारी मात्र त्या व्यवस्थेतून बाहेर पडला आणि ट्रककडे गेला. कार्यक्षमता वाढली की कोणीतरी फलाटावर राहतो, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

माझ्या नोकरीच्या काळात महाराष्ट्राबाहेर एका गावी एक मराठी बाई माझ्याकडे आल्या. पतीची अर्धी नोकरी एका कार्यालयात, अर्धी दुसऱ्या राज्यातील दुसऱ्या कार्यालयात झालेली. कुटुंब निवृत्तिवेतन तीन वर्षे अडलेले. पिशवीत पत्रांच्या चौदा प्रती होत्या. मी सगळी वाचली. एकाही पत्रात नकार नव्हता. प्रत्येकात ‘पुढील कार्यवाहीस्तव अग्रेषित’ एवढेच होते. प्रत्येक कार्यालयाच्या बारनिशीत ते प्रकरण निकाली निघालेले होते, कारण कागद हद्दीपलीकडे गेला होता. माझा त्या प्रकरणाशी अधिकाराचा संबंध नव्हता. कदाचित त्यामुळेच दोन्ही कार्यालयांच्या लिपिकांना एका दिवशी एका टेबलाशी बसवणे मला जमले. सेवापुस्तक मध्ये ठेवले आणि दोन तासांत तीन वर्षांचा घोळ मिटला. तटस्थ परीक्षक लागतो तो एवढ्यासाठीच. बाईंना थकबाकी मिळाली. दरम्यान मोडलेल्या पाटल्या आणि मुलीचे सुटलेले कॉलेज थकबाकीत मिळत नाही.

असे प्रकरण अपवाद नाही, हे घरापासून दूर राहणाऱ्या वाचकांना सांगायला नको. जन्माचा दाखला एका राज्यातला, शाळेचा दुसऱ्यातला, मालमत्ता तिसऱ्यात. आपण सारेच अदलाबदलीच्या वाघिणी आहोत.

मात्र चित्र अगदीच निराशाजनक नाही. २००५ चा माहिती अधिकार कायदा मला या दृष्टीने नेहमी विलक्षण वाटतो. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्या कार्यालयाने पाच दिवसांच्या आत तो योग्य ठिकाणी पाठवून अर्जदाराला तसे कळवायचे. ही झाली सीमेवरची नोंद. सबळ कारणाशिवाय विलंब झाला तर दिवसाला २५० रुपये दंड, २५,००० रुपयांच्या मर्यादेपर्यंत; हे झाले थांबण्याचे भाडे. तसेच शिधापत्रिकेचे. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात, तसेच आंध्र आणि तेलंगणात, एका राज्याच्या शिधापत्रिकेवर दुसऱ्या राज्यात धान्य मिळू लागले आणि २०२२ पर्यंत ही सोय देशभर पोहोचली. सुरतेत काम करणाऱ्या खानदेशी मजुराला कोणत्या राज्याच्या दुकानाने धान्य दिले, याचा हिशेब सरकारे मागाहून जुळवतात. हा पूलच आहे. तो शक्य झाला, कारण धान्य कोणाचे हा वाद आधी बाजूला ठेवला गेला.

अजून जे नाही ते कलम ८०. एकाहून अधिक कार्यालयांत फिरणाऱ्या प्रत्येक अर्जाला लागू होईल असा एक साधा नियम हवा आहे: पोच ज्या खिडकीने दिली, उत्तरही तिनेच द्यावे. पलीकडच्या कार्यालयाकडून काम कसे करून घ्यायचे, हा त्या खिडकीचा आणि पलीकडच्याचा आपसातला हिशेब. तो दिवसावर मोजा, वर्षअखेर जुळवा, त्यासाठी तटस्थ माणूस नेमा. नागरिकाच्या हाती मात्र एकच बिल्टी असावी आणि ती दाखवायची जागाही एकच असावी.

ब्रॉडगेजवरचे वाफेचे इंजिन १९९५ मध्ये नियमित सेवेतून गेले. त्या काळच्या वह्या रद्दीत गेल्या असतील, कंदीलही विझले. पण वाघीण कोणाची, या प्रश्नाचे जे उत्तर त्या लोकांनी रात्रपाळ्या करून शोधले, ते अजून जुने झालेले नाही. वाघीण कोणाची असेल ती असो. या क्षणी ती ज्याच्या रुळावर उभी आहे, तिची काळजी त्याने घ्यायची आणि आतल्या पोत्यासाठी पहिल्या खिडकीने जबाबदार राहायचे.